धनसिंगच्या वाट्याचा रोट

लोक अमेरिकेहून काय आणतात? चॉकलेटं आणतात, बदाम आणतात, धबधब्यासमोर दात काढून काढलेले फोटो आणतात. मी सिद्धान्त घेऊन आलो!

मी रतिलाल पाटील. बत्तीस वर्षं दीपनगरला वीज केंद्रात बॉयलर सांभाळला, आता भुसावळला राहतो. मूळ गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठी. रिटायर झाल्यावर तीन महिने बोस्टनला मुलीकडे, ज्योतीकडे राहून आलो. बायको मंजुळा आली नाही. तिला विमानाची भीती नाही, माझ्याशेजारी सलग वीस तास बसायची आहे.

तर मार्च महिन्यात एके दिवशी खिडकीतून खाली पाहतो, तर रस्ताच्या रस्ता हिरवा. माणसांच्या टोप्या हिरव्या, दाढ्या हिरव्या, एका कुत्र्याचे कानसुद्धा हिरवे. आयरिश लोकांचा सण होता म्हणे. खाली उतरलो तर एका अनोळखी बाईनं माझ्या गळ्यात हिरव्या मण्यांची माळ घातली आणि सांगितलं, काही काळजी करू नका, आज सगळेच आयरिश. मी काळासावळा खानदेशी माणूस, संध्याकाळपर्यंत बिनबोभाट आयरिश होतो. कोणी आडनावसुद्धा विचारलं नाही.

तेव्हापासून मी विचार करायला लागलो. अमेरिकेत देशोदेशीची माणसं येतात, प्रत्येक जण आपापला सण पेटीत घालून आणतो. मग काहीच सण सगळ्यांचे का होतात? या आयरिश लोकांना एकेकाळी तिथं धड कामावर घेत नसत. म्हणून ते रस्त्यावर उतरून दाखवायचे, बघा आम्ही किती आहोत. मग मतं मागणारे पुढारी त्यांच्यासोबत चालायला लागले, मग बिअरवाले, मग टोप्या विकणारे. मेक्सिकन लोकांच्या पाच मेचंही तेच. त्यांच्या स्वतःच्या देशात त्या दिवसाचं एवढं काही नाही, अमेरिकेत मात्र धुमाकूळ. आपली होळी कॉलेजात शिरली, कारण रंग उडवायला कोणाची परवानगी लागत नाही. दिवाळीला काही गावांत शाळा बंद ठेवतात. थोडक्यात, सण पसरतो तो देवामुळे नाही, दारामुळे. ज्याचं दार उघडं, हातात खायला काहीतरी, आणि आत शिरताना ‘तुम्ही कोणाचे?’ असं कोणी विचारत नाही, तो सण पसरतो. हा माझा सिद्धान्त. भुसावळला आल्यापासून मी तो दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरापर्यंत सगळ्यांना सांगितला. डॉक्टरांना तर तोंड उघडं असताना सांगितला.

आणि मग माझ्या डोक्यात आलं की या हिशोबानं आपली कानबाई तिकडे का जाऊ नये?

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, दागिने घालून देवी मांडायची, बायकांनी गाणी म्हणायची, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायचं. सुरत, नाशिक, पुणे, जिथं असतील तिथून सगळे भाऊबंद गावी येतात. आणि मुख्य म्हणजे रोट. घरातल्या एकेका माणसाच्या नावानं मुठी मोजून गहू घ्यायचे, तेच दळायचे, त्याच पिठाच्या पुरणपोळ्यांचं जेवण करायचं. तो रोट. तो घरच्यांनीच संपवायचा. बाहेरच्याला त्यातला तुकडासुद्धा द्यायचा नाही.

मंजुळानं माझा बेत ऐकला आणि भाजी निवडत म्हणाली, की ज्या सणाचं जेवण शेजाऱ्याला देता येत नाही तो तुम्ही सातासमुद्रापार कसा नेणार? मी म्हटलं, सुधारणा करू. ती म्हणाली, आधी पोरीचं बघा.

पोरीचं म्हणजे असं. ज्योतीला ब्रेंडन नावाच्या मुलाशी लग्न करायचं होतं. मुलगा आयरिशच, लाल दाढीचा, सहा फूट, पुलांचे नकाशे काढायची नोकरी. मी तिथं भेटलो होतो, माणूस लाख. मला चालणार होता, मंजुळाला चालणार होता. पण ज्योतीनं स्पष्ट सांगितलं होतं की आबा हो म्हणाले तरच लग्न, नाहीतर नाही. आबा म्हणजे माझे थोरले भाऊ अभिमन. वय ब्याऐंशी, सगळ्या भाऊबंदात शेवटचा शब्द त्यांचा. मी शिफ्ट ड्युटीत अडकलेला असायचो तेव्हा प्रत्येक सुट्टीत ज्योती त्यांच्या खांद्यावर वाढली. दोन वर्षं ती फोनवर विषय काढायची आणि आबा पावसापाण्याचं विचारायचे. आता दोघं दहा दिवसांसाठी आले होते आणि बुधवारी परतीचं विमान होतं.

मी छाती ठोकून सांगितलं, कानबाईला आबा खुशीत असतात, मुलाला गावी आणा, सोमवारी दुपारपर्यंत होकार काढून देतो. ज्योती म्हणाली, “पप्पा, तुम्ही फक्त एक करा. त्याला रोट खाऊ देऊ नका. झुलालकाका टपूनच बसलेत.”

झुलाल हा माझा चुलतभाऊ. भाऊबंदकीचे सगळे नियम त्याला पाठ आहेत आणि ते मोडणाऱ्यांची नावंही. त्याच्या तोंडी लागायला नको म्हणून आम्ही सोय केली. ब्रेंडनचं ताट शेजारच्या घरी वेगळं सांगितलं, एक वाजता ते आणून त्याला ओसरीवर जेवायला बसवायचं. हे काम माझ्याकडे. चारशे अंशाची वाफ बत्तीस वर्षं सांभाळलेल्या माणसाला एक ताट सांभाळायचं होतं.

भुसावळहून त्यांना गाडीत घातलं आणि गाव येईपर्यंत मी ब्रेंडनचा क्लास घेतला. मोठ्यांच्या पाया पडायचं. पाय लांब करून बसायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खानदेशात कोणी म्हातारं माणूस काही खायला देईल तर नाही म्हणायचं नाही, तो मोठा अपमान. ब्रेंडननं हे वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मला त्याचं कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी सगळं नामी चाललं होतं. पोरानं कुर्ता घातला, ओळीनं एकतीस जणांच्या पाया पडला, त्यात एक ट्रॅक्टरचा ड्रायव्हरही होता. बायकांच्या गाण्यावर टाळ्या धरल्या. शेवटी तर फुगडीसुद्धा घातली आणि समोरची वहिनी हसून हसून खाली बसली. आबा खाटेवरून सगळं पाहत होते. बोलत काहीच नव्हते, पण मिशी हलत होती. मी मनात म्हटलं, बॉयलरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे.

साडेबाराला मी ओट्यावर आलो. सुरतेचे, नाशिकचे भाऊबंद पान खात बसले होते. कोणीतरी सहज विचारलं, तिकडे म्हणे तुम्ही हिरवी मिरवणूक पाहिली? झालं. मी सुरू केलं. आयरिश झाले, मेक्सिकन झाले, बिअरवाले झाले. उघड्या दाराचा मुद्दा मी असा काही रंगवला की येणारेजाणारे उभे राहून ऐकायला लागले. मी म्हणत होतो की सणानं माणसाला आत घेतलं पाहिजे, जात-पात, गोत्र, भाऊबंदकी काही विचारायला नको. माझ्या आवाजाला धार चढली होती. आणि मग माझी नजर घड्याळावर गेली. दोन वाजून दहा मिनिटं!

मी आत धावलो. ओसरीवर ब्रेंडन नव्हता. स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, तर शेवंताअक्का पाटावर आणि तिच्यासमोर मांडी घालून ब्रेंडन. पुढ्यात स्टीलचं ताट, चाटूनपुसून स्वच्छ. लाल दाढीला पुरणाचा एक कण.

शेवंताअक्का आमची चुलती. रोटाचा सगळा कारभार तिच्याकडे. मी तिला कसंबसं विचारलं, अक्का, याला काय वाढलं? तिनं शांतपणे सांगितलं की सुरतेच्या धनसिंगची बस वाटेतच बंद पडली, तो काही येत नाही. त्याच्या नावाचा रोट तसाच पडला होता. नावाचा रोट उरवायचा कसा? आणि इकडे हे पोरगं दोन वाजेपर्यंत उपाशी बसलेलं, कोणी पाणी विचारलं नाही. मग दिला त्याला.

“भुक्या बसेल होता रे तो,” अक्का म्हणाली, “तुमनं घरमा.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ब्रेंडन उठला, आनंदानं म्हणाला की त्यानं एकदाही नाही म्हटलं नाही, उलट दोनदा मागून घेतलं. मी त्याच्या दाढीचा कण घाईघाईनं पुसला, जणू पुरावाच नष्ट करत होतो. आणि वळलो तर दारात झुलाल.

झुलालनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो फक्त आबांच्या खाटेपाशी जाऊन बसला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. जो रोट खातो तो भाऊबंद. हा बसला धनसिंगच्या वाट्याला. धनसिंग ज्योतीचा चुलतभाऊ. म्हणजे नात्यानं हा ज्योतीचा कोण झाला, हे मी सांगायला नको, असं म्हणून त्यानं सांगितलंच. आणि भाऊबंदात सोयरीक होत नाही.

मी आबांकडे पाहिलं. ते चिडतील, देवीचा कोप वगैरे म्हणतील, मग मी माफी मागेन, काहीतरी प्रायश्चित्त निघेल, अशी माझी अटकळ होती. पण आबांनी ब्रेंडनला जवळ बोलावलं, त्याचं डोकं कुरवाळलं आणि झुलालला म्हणाले, “त्यानी रोट खादा ना? मंग बठ्ठासले सांगी दे, हाऊ आपला पोऱ्या शे.”

आबांनी त्याला अख्खाच्या अख्खा स्वीकारला होता, फक्त भलत्याच खान्यात! ब्रेंडनला कोणीतरी अर्थ सांगितला की आबा तुला घरचा मुलगा म्हणतात. त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, होकार मिळाला. त्यानं मला मिठी मारली. मी त्या मिठीत लाकडासारखा उभा होतो.

दुपारभर मी धडपडलो. आबांच्या पायाशी बसून त्यांना आयरिश सणाचं सांगितलं. म्हटलं, तिथं त्या दिवशी मीसुद्धा आयरिश होतो, दुसऱ्या दिवशी परत पाटील. तसंच याचं धरा, एका दिवसापुरता भाऊबंद, उद्या कानबाई उठली की हाही उठला. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की रतिलाल, देवी एका दिवसाची पाहुणी असते, घरचं माणूस नाही. आज आपला म्हणायचं आणि उद्या परका, हे त्या हिरव्या लोकांना जमत असेल. माझ्या सिद्धान्तात दुसऱ्या दिवसाचा विचारच नव्हता.

ज्योतीला सांगायची हिंमत झाली नाही. ती दिवसभर पोरीबाळींत होती, बायकांनी तिला सोडलंच नाही. लांबून माझ्याकडे बघून तिनं भुवया उडवून विचारलं, काय झालं? मी अंगठा वर केला. आजवर केलेल्या पापांत तो अंगठा वरच्या नंबरला आहे.

सोमवारी सकाळी सहा वाजता कानबाई निघाली. ढोल लागले. आमच्याकडे देवीचा चौरंग घरचंच माणूस उचलतं, आणि आबांनी हाक मारली ब्रेंडनला. सहा फुटांवर चौरंग चढला, एवढ्या उंचावरून आमच्या कानबाईनं गाव कधी पाहिलं नसेल. लोक गच्चीवरून फोटो काढत होते. ज्योती माझ्या शेजारी चालत होती, चेहरा असा फुललेला की मला तिकडे बघवेना. तेवढ्यात झुलालची बायको मागून कौतुकानं बोलली, “ज्योती, भाग्याची गं तू. राखीला आठ दिवस नाहीत आणि नवीन भाऊ मिळाला.”

ज्योती थांबली. तिनं काकूकडे पाहिलं, मग चौरंगाकडे, मग माझ्याकडे. मी सगळं सांगितलं. ताट, धनसिंग, दोन वाजून दहा मिनिटं. ढोलांच्या आवाजात मला ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे आजूबाजूच्या बाराजणांनीही ऐकलं.

ती ओरडली नाही. “एकच काम सांगितलं होतं पप्पा,” ती म्हणाली, “दोन वर्षं मी वाट पाहिली. मला दुसरं काहीच नको होतं.” आणि ती पुढं चालायला लागली. पोरीला लहानपणी ताप आला तेव्हा मी ड्युटीवर होतो, दहावीचा निकाल लागला तेव्हा मी ड्युटीवर होतो. आता ड्युटी नव्हती तर ओट्यावर भाषण करत होतो. मला स्वतःची चीड आली.

नदीवर आरती झाली. वाळूची पूजा झाली. सगळे ओल्या पायांनी काठावर बसले, आणि झुलालनं तो विषय कायमचा मिटवायचा म्हणून आबांना विचारलं, की मग हा ब्रेंडन आपल्यातला, हे ठरलं ना? आबा हो म्हणणार, तोच मंजुळा उठली. छत्तीस वर्षांत ती आबांसमोर मोठ्यानं बोललेली मी पाहिली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर सावरला.

“आबा, मी चाळीसगावची. माझं माहेर वेगळं, कुळ वेगळं. तरी छत्तीस वर्षं तुमचा रोट खाते.” तिनं माझ्याकडे बोट केलं. “मग मी काय यांची बहीण झाले?”

झुलाल चाचरत म्हणाला की वहिनी, तुमचं वेगळं, तुम्ही सून. मंजुळा म्हणाली, तेच म्हणते मी. बाहेरून येऊन रोट खाणारं माणूस या घरात एकाच वाटेनं येतं. हाही बाहेरून आला. मग हाही सूनच.

झुलालच्या पाठांतरात हे कलमच नव्हतं. आबांनी ब्रेंडनकडे पाहिलं. तो बिचारा गुडघाभर पाण्यात उभा राहून, लाल दाढीतून सगळ्यांकडे बघून हसत होता. मग आबांची मिशी हलली, खांदे हलले, आणि ते असे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, ब्याऐंशी वर्षांत दाढीवाली सून पहिल्यांदाच पाहतोय. पण रोट खाल्लाय, नाही कसं म्हणू?

ज्योती त्यांच्या पायांवर कोसळली. रडत होती, हसत होती. मीही रडलो, लपवत नाही.

पण आबा म्हणजे आबा. डोळे पुसून ते म्हणाले, सून आणायची तर रीतसर मागणी घालायला हवी, आणि ती वरपक्षानं. म्हणजे आपण. लाव फोन त्याच्या आईला. सकाळचे साडेसात वाजले होते, तिकडे रात्रीचे दहा. ज्योतीनं व्हिडिओ लावला. ब्रेंडनची आई मॉरीनबाई स्वयंपाकघरात बसलेली दिसली. आबांनी फेटा सारखा केला, हात जोडले आणि सांगितलं की तुमचा मुलगा आम्हाला सून म्हणून द्या. ज्योतीनं इंग्रजीत सांगितलं. मॉरीनबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, की मार्चमध्ये आमच्या सणाला त्याला घरी पाठवाल ना?

आबा गंभीर झाले. म्हणाले, हे काय विचारणं झालं, सणाला सून माहेरी जाणारच. मॉरीनबाई डोळे पुसत म्हणाल्या, मग घेऊन जा. आणि तुम्ही सगळेसुद्धा या सणाला, आमच्याकडे जेवायला.

हे ऐकताच आबा दचकले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि कानाशी येऊन बजावलं, “रतिलाल, तठे काही खावानं नही. त्यासना रोट खादा ते आपण त्यासना भाऊबंद. सोयरीक मोडी जाई.”

मी मान डोलावली. तेवढ्यात मॉरीनबाईंना फोनमध्ये माझा चेहरा दिसला. त्या एकदम खुलल्या, माझं नाव घेऊन हाक मारली, आणि मागच्या सणाला त्यांच्या टेबलावर बसून मी त्यांच्या आजीच्या पद्धतीचा मनुक्यांचा ब्रेड चार वेळा मागून कसा खाल्ला, आणि तेव्हाच त्यांनी मला घरचा माणूस कसं म्हटलं होतं, ते भरभरून सांगायला लागल्या. आबा ज्योतीला विचारायला लागले, काय म्हणताहेत विहीणबाई? ज्योतीनं सांगायला तोंड उघडलं.

मी फोन हिसकावून बंद केला आणि आबांना सांगितलं, नदीवर नेटवर्क फार वाईट आहे.